तीन संगम



प्रेम, मरण, सदाचार आणि मनुष्यस्वभाव ह्यांविषयी आपण चार शब्द बोलावेत, अशी सूचना मला आली तेव्हा मी प्रथम नकारच दिला. अशा विषयांवर बोलण्याचा अधिकार संतांचा, तत्त्वज्ञांचा, फार तर कवींचा. मी मॅट्रिक होऊन अध्यापनाचे शिक्षण घेतलेला, पस्तीस वर्षे प्राथमिक शाळांतून पाढे, शुद्धलेखन आणि इतिहास शिकविलेला एक निवृत्त मास्तर. मजपाशी पांडित्य नाही. परंतु मागाहून विचार करता असे वाटले की, मास्तराला एक गोष्ट तरी खात्रीने कळते, आणि ती म्हणजे परीक्षा. इतरांच्या हजारो उत्तरपत्रिका मी तपासल्या. माझी स्वतःचीही एक उत्तरपत्रिका आहे, आणि तीत मी नापास झालो आहे. ती आज आपल्यापुढे ठेवावी, एवढ्यासाठीच मी अखेर होकार दिला. मात्र तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी आपणांस माझ्याबरोबर थोडा कृष्णाकाठाने प्रवास करावा लागेल.

माझा जन्म वाळवे तालुक्यातला आणि नोकरी सारी सातारा जिल्ह्यात. मी जन्मलो तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव 'दक्षिण सातारा' असे होते. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन तो निर्माण झाला आणि १९६० साली त्याचे नामकरण 'सांगली' असे झाले. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तरी आड एकच राहावा, तशी ह्या दोन जिल्ह्यांत कृष्णा एकच राहिली आहे. महाबळेश्वरी उगम पावून ती खाली येते, तो वाटेत तिला तीन ठिकाणी तीन नद्या भेटतात. साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णा भेटते, कऱ्हाडास कोयना भेटते आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणा भेटते. मला जे सांगावयाचे आहे, ते ह्या तीन संगमांवरच मला थोडेथोडे उमगले आहे.

पहिला संगम माहुलीचा. सातारा शहराच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर हे क्षेत्र आहे. घाट आहेत, देवालये आहेत आणि नदीच्या पात्रालगत सातारच्या राजघराण्यातील मंडळींच्या समाध्या आहेत. इतिहासाच्या तासाला पुस्तकाचा कंटाळा आला की मी मुलांना येथे घेऊन येत असे. १६८९ साली रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू महाराज मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. ते परतले ते १७०७ साली. मधल्या काळात राजाराम महाराजांच्या पश्चात ज्यांनी औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली, त्या महाराणी ताराबाईंनी पुतण्याचा हक्क मान्य केला नाही. खेडला लढाई झाली, शाहूंना जय मिळाला, साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि घर दुभंगले ते दुभंगलेच. पुढे १७३१ साली वारणेचा तह झाला. ताराबाई साताऱ्यास येऊन राहिल्या, तरी मनातील अढी काही सुटली नाही. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारले. ताराबाई त्यांच्या मागे बारा वर्षे जगल्या आणि पानिपताच्या साली, १७६१ च्या अखेरीस गेल्या. दोघांचीही समाधी ह्याच माहुलीच्या काठी आहे.

एका सहलीत चौथीतील एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, हे दोघे जन्मभर भांडले ना? मग एकाच नदीवर कसे?" मी मास्तरी थाटात उत्तर दिले, "मेल्यावर भांडण कसले, बाळ?" उत्तर सोपे होते, खरे होते की नाही, ह्याचा विचार मी तेव्हा केला नाही.

त्याच ठिकाणी आणखी एक स्मारक आहे आणि मुले सर्वांत अधिक वेळ तेथेच रेंगाळतात. ते शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचे. शिकारीत वाघ अंगावर येत असता ह्या कुत्र्याने भुंकून महाराजांस सावध केले आणि त्यांचे प्राण वाचविले, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर व पालखीचा मान दिला, असे इतिहासकारांनी नमूद करून ठेवले आहे. आपण ऐकून हसतो. परंतु ज्या राजाचा अठरा वर्षांचा काळ शत्रूच्या छावणीत गेला आणि सुटून आल्यावर ज्याला स्वतःच्याच घरच्यांशी लढावे लागले, त्याला निरपेक्ष माया एका मुक्या जनावरापाशी आढळली, ह्यात हसण्यासारखे फारसे नाही. माणसाच्या प्रेमात हक्क मिसळलेला असतो. माझे राज्य, माझा मुलगा, माझा मान, असा तो हिशेब कधी संपत नाही. खंड्यापाशी असा हिशेब नव्हता. वाघ दिसला आणि तो भुंकला, इतकेच. ह्या 'इतकेच' शब्दाकडे मी पुन्हा येणार आहे.

येथून आपण कऱ्हाडास जाऊ. कऱ्हाडचा संगम पाहण्यासारखा आहे, कारण तेथे एक नदी दुसरीस येऊन मिळते असे वाटत नाही. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येतात, एकमेकींस भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेकडे वळतात. लोकांनी त्याला 'प्रीतिसंगम' हे नाव दिले आहे. त्याच काठी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. यशवंतरावांचा जन्म १९१३ सालचा, देवराष्ट्रे गावचा. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील प्लेगच्या साथीत लवकर गेले आणि आई विठाईंनी मुलांना वाढविले. १९४२ च्या जूनमध्ये त्यांचा विवाह फलटणच्या वेणूताईंशी झाला. दोनच महिन्यांनी 'चले जाव'ची चळवळ सुरू झाली, यशवंतराव भूमिगत झाले आणि नव्या नवरीच्या वाट्याला संसाराऐवजी पोलिसांचा ससेमिरा व तुरुंग आला. त्यांची प्रकृती पुढे कधी धडपणे साथ देईना. पती मुख्यमंत्री झाले, देशाचे संरक्षणमंत्री झाले, उपपंतप्रधान झाले. परंतु परदेशात गेले की पत्नीस पत्र लिहिण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला, आणि ती पत्रे आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. विवाहाचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. त्यानंतर दीडच वर्षाने, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी, यशवंतरावही गेले.

असे प्रेम पाहिले म्हणजे मन भरून येते. तथापि मास्तराला एक खोड असते; उत्तर बरोबर आले तरी तो 'का?' असे विचारतो. पत्नीवर, पतीवर, लेकरावर प्रेम करणे हा सद्गुण म्हणावा काय? तो मनुष्यस्वभावच आहे. पाणी उताराकडे वाहते, त्यात पाण्याची थोरवी ती कोणती? आपल्या माणसासाठी रात्र जागविणारा मनुष्य चांगला असतोच. परंतु त्याच्या चांगुलपणाची परीक्षा अजून व्हावयाची असते. ती होते कधी? ज्याचे आपल्याशी रक्ताचे नाते नाही असा मनुष्य मदतीला हाक मारतो, आणि त्या हाकेस ओ देण्यात आपल्या जिवाला धोका असतो, तेव्हा होते. तेव्हाच पाणी चढणीवर चढते की नाही, ते कळते.

चढणीवर चढलेल्या पाण्याचे उदाहरण द्यावयास आपल्याच जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव नावाचे गाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी तेथे सावित्रीबाईंचा जन्म झाला. जोतीराव फुल्यांचे मूळ गावही ह्याच जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातील कटगुण. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, ती हकीकत सर्वांस ठाऊक आहे. मी ती किती वर्षे शिकविली ह्याची गणती नाही. मी तिच्या शेवटच्या पानाविषयी बोलतो आहे. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले आणि पतीच्या देहास अग्नी दिला. त्या काळी स्त्रीने असे करणे ही केवढी गोष्ट होती, ते आज समजावून सांगावे लागते. त्यानंतर सहा वर्षांनी मुंबईत आणि मग पुण्यात प्लेग आला. एका विधवेचा मुलगा त्या दांपत्याने दत्तक घेतला होता. तो यशवंत आता डॉक्टर झाला होता, आणि त्याने पुण्याबाहेरच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्यास एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळले, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या वेळी त्यांचे वय सहासष्ट होते. आज माझे वयही तेवढेच आहे, आणि ह्या वयात दूध आणावयाचे म्हटले तरी मी चपला शोधण्यात वेळ काढतो.

आपण म्हणाल, अशी माणसे शतकातून एखादी. आम्ही सामान्यांनी त्यांचे काय अनुकरण करावे? म्हणून दुसरे उदाहरण देतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचे घराणे मूळचे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवतील असे वसतिगृह त्यांनी चालविले. १९२७ साली महात्मा गांधी तेथे येऊन गेले. परंतु पंगत मांडावयाची म्हणजे कोणी तरी भाकरी थापाव्या लागतात. त्या थापल्या लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने. कोठीतले धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. सौभाग्यवतीने मंगळसूत्र मोडणे म्हणजे काय, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारावे. ज्या मुलांसाठी ते मोडले, ती त्यांच्या पोटची नव्हती. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचा वटवृक्ष पुढे केवढा झाला, तो पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. त्यांनी एकाही दिवशी वाघाशी झुंज दिली नाही. भूक लागलेले मूल समोर दिसले आणि त्यांनी वाढले, इतकेच.

श्रोतेहो, आता माझी उत्तरपत्रिका.

२०२० साली करोनाची साथ आली. सरकारने जो साथरोगाचा कायदा लागू केला, तो १८९७ सालचा होता, म्हणजे सावित्रीबाई गेल्या त्याच सालचा. हा योगायोग मी माझ्या एका स्नेह्याला मोठ्या उत्साहाने सांगितला होता. हे स्नेही माझ्याच शाळेत अकरा वर्षे शिक्षक होते. आम्ही दोघे सायकलींवरून एकत्र शाळेत जात असू. निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्यास एकाच पेठेत, दोन गल्ल्या सोडून राहत होतो. त्यांच्या माडीवरून आमच्या खोलीतला दिवा दिसे. मला उशिरापर्यंत वाचीत बसण्याची सवय, म्हणून सकाळी भेटले की ते थट्टेने म्हणत, "काय गुरुजी, काल किती युनिटे जाळलीत?"

२०२१ च्या एप्रिलात दुसरी लाट जोरात होती. एके रात्री साडेदहाच्या सुमारास माझा फोन वाजला. पडद्यावर त्यांचे नाव होते. ते तीन दिवस तापाने आजारी आहेत हे मला ठाऊक होते. त्या काळी रुग्णालयात खाट मिळत नव्हती, प्राणवायू मिळत नव्हता, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तीच विचारणा होती. माझ्या मनात क्षणार्धात सारा हिशेब झाला. हे आता मला बोलावणार. गाडी शोधावी लागेल, रुग्णालयाच्या दारात उभे राहावे लागेल. मला मधुमेह आहे, घरात सून आहे, लहान नातू आहे. फोन वाजत राहिला आणि थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मी तो उचलला नाही. पालथा करून ठेवला आणि पुस्तक पुढे वाचू लागलो. एकही ओळ डोक्यात शिरली नाही.

सकाळी मी फोन केला, तो वहिनींनी घेतला. त्या म्हणाल्या, "ह्यांना रात्रीच रुग्णवाहिकेतून नेलं. तुम्हांला दोनदा फोन लावला होता ह्यांनी. मग म्हणाले, गुरुजी झोपले असतील, उगाच झोपमोड नको." पाचव्या दिवशी ते गेले. पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना माहुलीच्या स्मशानभूमीत नेले आणि ज्यांचे नाव-गाव आम्हांस ठाऊक नाही अशा त्या माणसांनी त्यांना अग्नी दिला. आम्ही सारे घरांत होतो.

घरात राहणे हा त्या वेळी नियम होता, आणि नियम योग्यच होता, हे मी जाणतो. त्या नियमामागे मी पुष्कळ दिवस लपून राहिलो. परंतु घराबाहेर पडण्यास मनाई होती, फोन उचलण्यास मनाई नव्हती. पुढे काही महिन्यांनी मी वहिनींना भीत भीत विचारले की, त्या रात्री त्यांना काय हवे होते? त्या म्हणाल्या, "काहीच नको होतं. रुग्णवाहिकेला आधीच सांगितलं होतं, ती यायला वेळ होता. धाप लागत होती, जीव घाबरला होता. तुमच्याशी बोललं की बरं वाटतं म्हणत."

श्रोतेहो, मी ज्या मागणीला भ्यालो होतो, ती मागणी झालीच नव्हती. भयाने मला एका छोट्या हाकेचा डोंगर करून दाखविला. आयुष्यभर सावित्रीबाईंचा धडा शिकवून मी एवढेच शिकलो होतो की, सदाचार म्हणजे पाठीवर प्लेगचा रोगी घेणे. ते आपल्याच्याने होणार नाही, म्हणून आपण मोकळे. परंतु मरणाच्या दारात उभा असलेला मनुष्य बहुधा फारच थोडे मागतो. कोणी पाणी मागतो, कोणी हात धरावयास सांगतो, कोणाला ओळखीचा आवाज ऐकावयाचा असतो. वाघ दिसला तेव्हा खंड्या भुंकला, मूल दिसले तेव्हा लक्ष्मीबाईंनी वाढले, आणि मला फक्त 'हॅलो' म्हणावयाचे होते.

माणूस असा का वागतो, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. माझी बहीण सांगलीच्या गावभागात राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळजवळ माणसांनी भरलेली नाव उलटली आणि बायकामुले गेली. अशा त्या दिवसांत माझ्या बहिणीच्या कुटुंबास विश्रामबागेतील एका घराने सहा दिवस ठेवून घेतले. त्या घराचे आडनावही तिला तोवर ठाऊक नव्हते. परंतु पुढच्याच वर्षी साथ आली, तेव्हा एका नावेतून बाहेर पडलेली तीच माणसे जिन्यात समोरासमोर आली तर तोंड फिरवून उभी राहत. माणसे बदलली नव्हती. पुरात भय पाण्याचे असते आणि शेजारी हा आधार असतो. साथीत शेजारीच भय होऊन बसतो. म्हणून पुरातला आपला चांगुलपणा पाहून फार हुरळून जाऊ नये आणि साथीतला दुबळेपणा पाहून माणसावरचा विश्वासही सोडू नये. एकाच नदीचे पाणी उन्हाळ्यात घोट्याला लागते आणि श्रावणात घाट बुडविते. मनुष्यस्वभावाचेही तसेच आहे. पाणी चढेल तेव्हा आपण काय करू, ते उन्हाळ्यात ठरवून ठेवलेले बरे.

बहिणीकडे गेलो की मी संध्याकाळी हरिपुरास जातो. तो आपला तिसरा संगम. कृष्णेला तेथे वारणा मिळते. ह्याच हरिपुरात गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म झाला, आणि त्यांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यातला भुजंगनाथ आपणांस आठवत असेल. मरण जवळ आलेला हा म्हातारा पैशाच्या बळावर कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहतो, आणि नाटकगृहात शंभर वर्षांहून अधिक काळ लोक त्याला हसत आले आहेत. मीही हसलो आहे. हल्ली मात्र त्याच्याकडे पाहून मला संकोच वाटतो. त्याला मरणाचे भय वाटते आणि त्या भयाला तो प्रेम म्हणतो. मलाही त्या रात्री मरणाचे भय वाटले होते आणि मी त्याला कुटुंबवत्सलता म्हटले. सून, नातू, मधुमेह, ही सारी नावे खरी होती. परंतु फोन पालथा करणारा हात माझा होता आणि तो माझ्यासाठीच हलला होता.

हरिपूर हे हळदीच्या पेवांचे गाव. तेथल्या जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे साठवीत असत, आणि तिला कीड लागत नसे. २००५ च्या महापुराचे पाणी त्या पेवांत शिरले आणि कित्येकांची साठवण मातीमोल झाली. त्या काठावर बसलो असता माझ्या मनात नेहमी हाच विचार येतो की, मीही त्या रात्री स्वतःला असेच पेवात घालून ठेवले. वाचलो खरा. पण कशासाठी वाचलो, ह्याचे उत्तर मला अजून द्यावयाचे आहे.

एक गोष्ट सांगून संपवितो. त्या रात्री मी जागा होतो, हे मी वहिनींना कधी सांगितले नव्हते. प्रत्येक गुरुवारी मी त्यांच्याकडे जातो. वीजबिल भरावयाचे असते, बँकेचे कागद असतात, नाही तर नुसता चहा असतो. चार वर्षे मी ते मनात ठेवले. हे भाषण लिहून झाल्यावर मात्र वाटले की, साऱ्या मुलखाला सांगण्यापूर्वी ते त्यांना सांगावयास हवे. मागच्या गुरुवारी मी त्यांना ते वाचून दाखविले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ठाऊक होतं, गुरुजी. ह्यांना माडीवरून तुमचा दिवा दिसत होता."

मी चाट पडलो. दिवा दिसत होता. मी जागा आहे, हे त्यांना कळत होते. आणि तरीही, धाप लागलेली असताना, त्यांनी पत्नीला सांगितले की गुरुजी झोपले असतील. मजविषयी तिच्या मनात किंतु राहू नये, म्हणून त्यांनी आपल्या उरलेल्या श्वासांतले दोन श्वास खर्च केले. ज्याने मला हाक मारली आणि ज्याला मी ओ दिली नाही, त्यानेच मला पाठीशी घातले.

माहुलीच्या काठी त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर चुकीचे होते, असे आता मला वाटते. मेल्याने भांडण आपोआप मिटत नाही, आणि हिशेबही आपोआप फिटत नाही. कोणी तरी जिवंतपणीच ते सोडून द्यावे लागते. माझ्या स्नेह्याने ते सोडले. मला ते जमेल की नाही, मी सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे की, त्या दिवसापासून माझ्या घरातला फोन, मग तो कोणत्याही वेळी वाजो, मी उचलतो. बहुतेक वेळा कोणी तरी कर्ज घेता का म्हणून विचारीत असते, आणि मी त्या मुलामुलींशीही दोन शब्द नीट बोलतो.

 आपल्यापैकी कोणाच्या मनात न उचललेली एखादी हाक असेल, तर ती मारणारा मनुष्य अजून असेपर्यंत तिला ओ द्यावी, एवढीच ह्या मास्तराची विनंती. नमस्कार.